भाकरी राहू द्या, पाव बदला

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आता जवळपास बारमाही चालतात. तरी पावसाळा तोंडावर आला की कामाची रीतच बदलते. साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायच्या, सांधे बुजवायचे, रंग मारायचा, शेवटी डोळ्यांची आखणी. रात्र रात्र दिवे चालू असतात. या कामात घरातली बाईही पुरुषाइतकीच असते, कधी जास्तच. मग सगळ्यात आधी काय मागे पडतं, तर भाकरी. ती आयत्या वेळी थापावी लागते, तव्यावर उलटावी लागते, गरम असतानाच खावी लागते. चुलीपुढे किंवा शेगडीपुढे उभं राहायला माणूस लागतं, आणि ते माणूस तर कारखान्यात रंगाचा हात मारत असतं. तिथे पाव शिरतो. सकाळी चहा-पाव, मध्ये खारी किंवा टोस्ट, दुपारी वडापाव, संध्याकाळी पुन्हा चहाबरोबर बिस्किटं. हंगामाचे महिने असे जातात, आणि हंगाम संपला तरी सवय जात नाही.

भाकरी सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. तांदळाच्या गरम भाकरीला आपल्याकडे तोड नाही आणि ती हवीच. माझं म्हणणं पावाविषयी आहे. ज्या वेळेला आपण मैद्याचा पाव खातो, त्या वेळेला खायला घरचा, अख्ख्या धान्याचा, आंबवलेला, जड पाव तयार ठेवा. आठवड्यातून एकदा भाजायचा, पाच-सहा दिवस कापून खायचा. थापायचं कसब नको, मळायची ताकद नको, यंत्र नको. रात्री वीस मिनिटं हात घालायचा, बाकीचं काम वेळ करते.

ही रीत मी डेन्मार्ककडून घ्यायला सांगतो आहे. तिथे राय नावाचं धान्य पिकतं. गव्हाच्याच कुळातलं, पण थंडी आणि हलकी, रेताड जमीन सोसणारं. जिथे गहू धड येत नाही तिथेही राय येते, म्हणून उत्तर युरोपातल्या गरिबांचं पोट शतकानुशतकं तिच्यावर भरलं. तिचा डॅनिश पाव गडद तपकिरी, चौकोनी, विटेसारखा जड असतो. त्यात भरडलेले दाणे असतात, सूर्यफुलाच्या आणि अळशीच्या बिया असतात, आणि चव आंबट. डॅनिश मुलं शाळेत आणि मोठी माणसं कामावर अजूनही याच्याच पातळ कापांचा डबा नेतात. काप उघडाच ठेवायचा, वर लोणी, त्यावर खारवलेला हेरिंग मासा किंवा उकडलेलं अंडं, नाहीतर नुसत्या बटाट्याच्या चकत्या. म्हणजे हा सणावाराचा पदार्थ नव्हे. कामकरी माणसाचा डबा आहे, आणि म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे.

या पावाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, डेन्मार्कला बाहेरून येणारं धान्य आणि जनावरांचा चारा बंद पडला. देश डुकरं आणि गाई पोसून लोणी-मांस विकणारा, आणि त्यासाठी लागणारा दाणा बराचसा बाहेरचा. सरकारचे आहारविषयक सल्लागार होते डॉक्टर मिकेल हिंडहेडे. त्यांनी सुचवलं की डुकरं कमी करा आणि त्यांच्या तोंडचं धान्य माणसांना द्या. रायचा कोंडा चाळून काढू नका, पावात कोंडाही घाला, जवही घाला. तसा पाव साऱ्या देशानं खाल्ला. पुढच्या वर्षभरात कोपनहेगनमधले मृत्यू घटले, असं त्यांनी १९२० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आकडे देऊन मांडलं. सगळं श्रेय पावाचं असं म्हणणं मात्र बरोबर होणार नाही. त्याच काळात मांस कमी झालं होतं, आणि धान्य वाचवायला दारू गाळण्यावर बंधनं आल्यानं दारूही महाग आणि दुर्मीळ झाली होती. पण कोंड्यासकट धान्य खाऊन एक आख्खा देश तगला, धडधाकट राहिला, एवढं त्यातून नक्की दिसतं. आपण कोंडा चाळून जनावरांना घालतो आणि उरलेला पांढरा भाग पैसे देऊन विकत घेतो, त्या वेळी हे आठवावं.

आता प्रश्न रायचा. राय आपल्याकडे पिकत नाही. मुंबईत मोठ्या दुकानांत तिचं पीठ मिळतं, पण ते महाग असतं आणि कधी किती दिवस पडून राहिलेलं असतं हे कळत नाही. एकदा चव घ्यायला आणलं तर आणा. रोजच्या पावासाठी आपल्याकडे नाचणी आहे. पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरउतारांवर, भातखाचरांच्या वरच्या वरकस जमिनीत ती पिढ्यान् पिढ्या होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तिची ‘दापोली-१’सारखी वाणंही काढली आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. गव्हाच्या पिठात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं, आणि पांढऱ्या तांदळात त्याहून कितीतरी कमी. आपण ती भाकरीत, आंबिलीत, बाळाच्या खिमटीत वापरतोच. तिचा पाव करायचा तर एकच अडचण: नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे नुसत्या नाचणीचा पाव कापताना भुगा होतो.

इथे रायकडून शिकण्यासारखं आहे. रायलाही गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा फारसा नसतो. तिचा पाव धरून ठेवतो तो तिच्यातला एक डिंकासारखा तंतू. तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो, फुगतो आणि पिठाला बांधून ठेवतो. त्याच जातीचा तंतू आपल्या ओळखीच्या एका वस्तूत भरपूर आहे: इसबगोलाच्या भुशीत. पोट साफ व्हायला जी पाण्यात घालून पितात, तीच. गुजरातमधल्या उंझाची ती मोठी बाजारपेठ, आणि आपल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ती मिळते. नाचणीत थोडी इसबगोल भुशी आणि निम्म्याच्या आतबाहेर चक्कीवरचं गव्हाचं पीठ घातलं की पाव बांधून येतो.

दुसरी गोष्ट आंबवण्याची. रायचा पाव आंबटच का करतात, यालाही कारण आहे. रायच्या पिठात पिष्टाचं साखरेत रूपांतर करणारी विकरं जोरदार असतात. पाव भट्टीत तापत असताना ती पिष्ट खात सुटतात आणि आतला भाग चिकट, लगद्यासारखा राहतो. आंबटपणानं त्या विकरांना लगाम बसतो. नाचणीला आंबवण्याचा फायदा वेगळा आहे. धान्याच्या कोंड्यातली फायटिक आम्लं कॅल्शियम आणि लोह अडकवून ठेवतात. आंबवल्यावर ती कमी होतात आणि ते क्षार अंगी लागायला मोकळे होतात. आपल्या आजी-पणजींनी आंबील रात्रभर ठेवली, वड्यांचं आणि आंबोळीचं पीठ आंबवलं. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, माडाच्या सुरेनं पीठ फुगवत आणि पोई नावाच्या पावावर कोंडा भुरभुरत. किनाऱ्यावरच्या माणसाला आंबवणं शिकवावं लागत नाही. फक्त त्याचा पाव करायचा आहे.

आधी खमीर धरा. काचेच्या स्वच्छ बरणीत मूठभर नाचणीचं आणि मूठभर गव्हाचं पीठ, दोन्ही मिळून पन्नास ग्रॅम, तेवढंच पाणी, ढवळून वर पातळ फडकं बांधा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरा. रोज निम्मं काढून टाका आणि पुन्हा तितकंच पीठ आणि पाणी घाला. दुसऱ्या दिवशी बुडबुडे येतील आणि वासही नकोसा येईल. काम झालं असं तेव्हा समजू नका, आणि बिघडलं असं समजून फेकूही नका. तो निराळ्या जंतूंचा जोर असतो, आंबटपणा वाढला की ते मागे हटतात. आपल्या उष्म्यात तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोनदा पीठ-पाणी द्यावं लागतं, नाहीतर खमीर उपाशी राहून पाणी सुटतं. पाचव्या-सहाव्या दिवशी ते पीठ दिल्यापासून चार-पाच तासांत दुपटीच्या जवळ फुगू लागलं आणि ताकासारखा स्वच्छ आंबट वास आला की तयार समजा. वर गुलाबी, नारिंगी झाक किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र मोह न धरता बरणीसकट सगळं धुऊन पुन्हा सुरुवात करा. तयार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याला एकदा पीठ-पाणी दिलं की ते वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या चार दिवसांचं काढलेलं खमीर टाकूनच द्या. खमीर एकदा नीट धरलं की पुढे जे काढाल ते वाया घालवू नका, ते घावनाच्या पिठात ढकलता येतं.

पावाच्या आदल्या संध्याकाळी पाऊण वाटी, म्हणजे साधारण पंचाहत्तर ग्रॅम, लापशीचा रवा दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात भिजत घाला. हे आपले भरडलेले दाणे. पहाटे एका परातीत दोनशे ग्रॅम नाचणीचं पीठ, दीडशे ग्रॅम गव्हाचं चक्कीचं पीठ, चाळीस ग्रॅम अळशी, पंचवीस ग्रॅम तीळ, बारा ग्रॅम म्हणजे तीन मोठे चमचे इसबगोल भुशी आणि दहा ग्रॅम मीठ कोरडंच नीट मिसळा. भुशी आधी पाण्यात घातली तर गोळे होतात, म्हणून ती कोरड्या पिठातच मिसळायची. मग भिजलेला रवा, दीडशे ग्रॅम ताजं फुगलेलं खमीर, लिंबाएवढा गूळ विरघळवलेलं सव्वातीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर कोमट पाणी घालून हातानं किंवा लाकडी पळीनं कालवा. मळू नका. हे पीठ चपातीच्या कणकेसारखं होत नाही आणि व्हायलाही नको. ओल्या शाडूसारखं होतं, साच्यात दाबून बसवायचं, कोपऱ्यात पोकळी राहू द्यायची नाही, वरून ओल्या हातानं गुळगुळीत करायचं. हमरापूरच्या माणसाला यापुढे वेगळं सांगायला नको.

तेल लावलेला दीड लिटरचा लांबट साचा घ्या आणि तो पाऊण भरा. वर ओलं फडकं टाकून ठेवा. डेन्मार्कच्या थंडीत हे रात्रभर लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तीन तासांत होतं, पावसाळ्यात चार, डिसेंबरात पाच-सहा. घड्याळापेक्षा साच्याकडे बघा: पीठ तिसऱ्या हिश्शानं वर आलं आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसू लागली की लगेच भाजायला घ्या. त्यापुढे थांबलात तर पाव भट्टीत खाली बसतो. म्हणून हे पीठ रात्री कालवून झोपू नका, पहाटे कालवा आणि सकाळी भाजा.

विजेची भट्टी असेल तर ती आधी २२० अंशांवर तापवून घ्या, पाव आत ठेवून पंधरा मिनिटांनी १८० अंशांवर आणा आणि आणखी एक तास भाजा. भट्टी नसेल तरी अडत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्याला तेल लावा, पीठ दोन तृतीयांश भरा, मोठ्या टोपात डब्याच्या निम्म्यापर्यंत पाणी घेऊन त्यात डबा ठेवा आणि मंद आचेवर दोन तास वाफवा. पाणी आटेल तसं उकळतं पाणी घालत राहा. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागात रायचा काळा पाव बंद साच्यात, वाफेवरच, सोळा तासांहून जास्त वेळ मंद भाजतात. तेव्हा वाफवलेला पाव कमअस्सल असं मनात आणू नका. वरची कडक साल मिळत नाही एवढंच. खायच्या वेळी काप तव्यावर कोरडे शेकले की तीही उणीव भरते.

भाजून झाल्यावर सगळ्यात कठीण काम: थांबणं. गरम पाव कापायचा नाही. साच्यातून काढून जाळीवर गार करा, सुती कपड्यात गुंडाळा आणि पूर्ण एक दिवस ठेवा. आतलं पाणी दाण्यात आणि भुशीत सारखं पसरायला तेवढा वेळ लागतो. आधी कापलात तर सुरी चिकटेल आणि तुम्हाला वाटेल कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी बोटाच्या निम्म्या जाडीचे काप काढा. दोन काप खाल्ले की पोटाला आधार होतो.

घरात मोड आलेल्या नाचणीचं पीठ, म्हणजे सत्त्व असेल, तर ते या पावात भरपूर घालायचा मोह होईल. घालू नका. मोड आले की वर सांगितलेली पिष्ट खाणारी विकरं फार वाढतात आणि पाव आतून लगदा होतो. रंग आणि गोडवा हवा तर एक चमचा पुरे. डॅनिश लोकही मोड आणून भाजलेला जव असाच चवीपुरता घालतात.

आपल्या किनाऱ्याची हवा दमट. आंबटपणामुळे हा पाव मैद्याच्या पावापेक्षा जास्त टिकतो, पण आषाढ-श्रावणात बाहेर तीन दिवसांपुढे ठेवू नका. काप करून फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवून लागतील तसे तव्यावर शेका. एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकी खायचं, असं करू नका. तिची मुळं आतपर्यंत गेलेली असतात.

याच्याबरोबर काय खायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिकडे खारवलेला हेरिंग, इकडे सुकट. जवळ्याची चटणी, भाजलेला सुका बोंबील कुस्करून, वर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची चकती: आंबट पावावर हे सगळं फार जुळतं. शाकाहारी घरात लोणी आणि लसणाची चटणी, वालाची सुकी उसळ, दाण्याचं कूट. पोरांच्या डब्यात लोणी आणि गूळ. शिळे तुकडे उरले तर डॅनिश लोक ते रात्री भिजवून सकाळी शिजवून पेज करतात. आपण शिळी भाकरी ताकात कुस्करतो तसा हाही कुस्करता येतो.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. हा पाव औषध नाही. मधुमेह असलेल्यांनी नाचणी म्हणजे मोकळं रान असं धरू नये, तीही पिष्टच आहे. दोन काप मोजून घ्या आणि जोडीला अंडं, मासा किंवा उसळ असू द्या. इसबगोल आणि अळशी पोटात गेल्यावर पाणी भरपूर प्यायला हवं. ज्यांना गव्हाचा चिकटपणा चालत नाही, डॉक्टरांनी बंद केला आहे, त्यांच्यासाठी हा पाव नाही. रायसुद्धा त्यांना चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि विकतचा ब्राउन ब्रेड घेऊन काम भागेल असं ज्यांना वाटतं त्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचावी. कायद्यानं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलं नाव मैदा असेल आणि पुढे कुठेतरी कॅरमलचा रंग लिहिला असेल, तर तपकिरीपणा कोंड्याचा नव्हे, रंगाचा आहे. पावात घातलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट आपल्या देशात २०१६ साली बंद करावं लागलं, तोवर ते सर्रास चालत होतं. बेकरीवाल्यांशी माझं वैर नाही, गावातला पाववाला पहाटे उठून कष्ट करतो. पण घरात काय शिरतं ते वाचून ठरवणं हा आपला हक्क आहे.

एक विनंती पुरुषांना. भाकरी थापता येत नाही म्हणून आजवर आपण ताटावर बसलो. या पावाला थापणं नाही. साच्यात पीठ दाबून भरणं आपल्या हातांना रोजचं आहे. तेव्हा घरात हा पाव करायचं काम बायकोवर आणखी एक ओझं म्हणून टाकू नका, ते तुम्ही घ्या. कारखान्यातून रात्री आल्यावर खमिराला पीठ देणं आणि रवा भिजत घालणं एवढंच असतं, आणि सुट्टीच्या पहाटे कालवणं.

बचत गटातल्या ताईंनाही सांगणं आहे. पेण-पनवेलपासून मुंबईपर्यंत असा पाव घेणारी घरं आता आहेत, आणि पोह्याचे पापड, मिरगुंडं विकायची आपल्याला सवय आहे. विकायला काढण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करा, दर वेळी तोलून कालवा, आणि पाव हंगाम सोडून इतर दिवसांतही तसाच उतरतो का ते स्वतःच्या घरात बघा. पाकिटावर मोठ्या अक्षरांत नाचणीचा पाव लिहिणार असाल तर किती टक्के नाचणी, किती टक्के गहू (लापशीचा रवाही गव्हातच धरा) ते आकड्यात छापा. भाजल्याची तारीखही घाला.